चक्कीआडचं गाणं

समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर उतरलं की आमच्या चक्कीचा रस्ता कुणाला विचारावा लागत नसे. नाकानंच जायचं. ताज्या पिठाचा गरम वास कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत आलेला असे आणि त्याच्यामागून घरघर. चक्की बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तरी परवा प्रमोदनं शेडचं कुलूप काढून दार लोटलं, तेव्हा आतल्या अंधारातून तोच वास आला. थोडा शिळा, थोडा उंदरांचा, पण तोच. मी उंबऱ्यावर उभी राहून तो छातीभर घेतला आणि मग सणसणीत शिंकले.

प्रमोद माझा चुलतभाऊ. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला होता. "ताई, चक्की काढून राह्यलो. जागा मोकळी करतो. तू एकदा येऊन जाजो. अन् आईले जरा समजावजो. वर्धेहून कानाचं मशीन आणलं, तं एक दिवस लावलं अन् डब्बीत ठेवून देल्लं. आमचं ऐकत नाई, तुह्यं ऐकन."

प्रमोदची आई म्हणजे माझी काकी. चक्की चालवली ती तिनंच, आयुष्यभर. आता तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून माझ्या घरून, पिपरी मेघेहून, सकाळच्या गाडीनं निघाले तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. चक्कीला निरोप द्यायचा आणि काकीच्या कानात मशीन घालायला लावायचं. तिसरं काम मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला काकीकडून एका गाण्याची दुसरी ओळ हवी होती. पहिली ओळ मी लहानपणी ऐकली होती, एकदाच. दुसरीसाठी तेव्हापासून ताटकळत होते, आणि काकीचं वय पाहता आणखी थांबण्यात काही शहाणपण नव्हतं.

लहानपणी मला घरात काऊनबाई म्हणायचे. काऊन म्हणजे का; सदानकदा माझं आपलं काऊन, काऊन. आबाजी चहा बशीतच काऊन पेतात? ज्वारीचं पीठ थंड अन् गव्हाचं गरम काऊन लागते? आई वैतागून म्हणायची, "हिले एखांद दिवशी पोस्टात टाकून देतो मी." काकी तेवढी वैतागत नसे. ती उत्तरही देत नसे म्हणा. नुसती हसायची, आणि हसली की पापण्यांवरचं पीठ गालांवर पडायचं.

चक्की घराला लागूनच, रस्त्याच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये होती. काका एसटीत कंडक्टर, ते दिवसभर गाडीवर. समोरच्या लाकडी बाकावर आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बसायचे. कुणाचा डबा आधी आणि कुणाचा मागून यावरची भांडणं सोडवणं हे त्यांचं काम. आत चक्कीपाशी काकी. वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात धान्य ओतायचं, दगडावरचा चाप फिरवायचा, खाली कापडी बाहीतून धो धो पडणारं पीठ बोटांत चोळून पाहायचं. पिठानं भुवया पांढऱ्या होत होत संध्याकाळपर्यंत ती पार म्हातारी व्हायची आणि न्हाणीत जाऊन तोंड धुतलं की परत तरुण. हा चमत्कार पाहायला मी रोज न्हाणीच्या दाराशी उभी राहायची.

चक्की चालू असताना बोलणं शक्यच नसे. म्हणून आमच्याकडे खुणांची एक भाषाच तयार झाली होती. चिमूट चोळली की बारीक दळ. पंजा पसरला की जाडंभरडं. मूठ तोंडाशी नेली की जेवलीस का. आणि एक बोट हवेत गोल फिरवून तळवा पुढे धरला की, चक्की चालू आहे, थांब. सगळ्या गावाच्या बायांना ही भाषा येत होती. आम्ही पोरं तर ती जेवताना, शाळेत, भांडतानासुद्धा वापरायचो. आई गृहपाठ विचारायला आली की मी बोट गोल फिरवायची आणि तळवा दाखवायची, आणि मार खायची.

अशा त्या आवाजात एके दुपारी मला दिसलं, काकीचे ओठ हलताहेत.

आधी वाटलं डबे मोजते आहे. मग वाटलं कुणाला तरी शिव्या देते आहे. हा अंदाज मला फार आवडला होता, पण शिव्या देणाऱ्याचं तोंड इतकं आनंदी नसतं. विचारलं तर म्हणाली, "जप करतो वं." जप करताना माणूस दुसऱ्या हातानं पिठाच्या पिप्यावर ठेका धरतो का? मी जवळ सरकले. तिच्या तोंडाशी कान नेला. चक्कीच्या घरघरीशिवाय काही नाही. ओठ मात्र उघडत होते, लांबत होते, मधेच मिटून परत उघडत होते. काकी गात होती. गाणं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला ते ऐकू येत नव्हतं. काऊनबाईचा याहून मोठा छळ काय असणार!

ओळखण्याच्या कामात मी कच्ची नव्हते. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई आणि भुलोजी. गल्लीतल्या पोरींनी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की घरची बाई झाकणबंद डबा आणून कानाशी हलवते. आतला खाऊ आवाजावरून ओळखायचा. नाही ओळखला तर मिळत नाही, म्हणजे मिळतो, पण चिडवून चिडवून. फुटाणे टणटण वाजतात. मुरमुरे नुसतेच कुजबुजतात. शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे पत्र्याला टोचल्यासारखे वाजतात. मला संगीत पहिल्यांदा शिकवलं ते या डब्यांनी, असं मी आजही मानते. काकीचा डबा सगळ्यांत अवघड असायचा. ती फुटाण्यांत मुद्दाम चार चिंचोके टाकायची. एकदा तर तिनं डबा हलवला आणि काही वाजलंच नाही. आम्ही सगळ्या हरलो. झाकण काढलं तर दुधीच्या वड्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. काकी म्हणाली, "न वाजनाऱ्या डब्यात बी खाऊ असते, बाई."

त्यानंतर काकी मला तशीच दिसू लागली. न वाजणारा डबा.

घरात गाणं नव्हतं असं नाही. आबाजी स्वतः गुरुवारच्या भजनात खंजेरी वाजवायचे, आणि अशी की बोटं दिसू नयेत. रेडिओ होता. त्यावर बातम्या, बाजारभाव आणि सकाळची भक्तिगीतं लागायची. सिनेमाचं गाणं सुरू झालं की आबाजींचा हात बटणावर जायचा. घरच्या बायका हळदीला गात, बारशाला गात, भुलाबाईला गात. चारचौघींत, प्रसंगानं. पण सून एकटीच, कारणाशिवाय, आपल्यासाठी गाते आहे, हे बसत नव्हतं. कुणी मनाई केली होती असंही नाही. मनाई करायची वेळ येऊ नये, अशीच घरातल्या सगळ्यांची वागणूक होती.

काकी पुलगावची. तिचे वडील तिथल्या कापडगिरणीत मागावर होते. एका सुट्टीत ती मला तिच्या माहेरी घेऊन गेली होती. त्या घरात सगळे ओरडून बोलत. "साखर हाये काय?" हेसुद्धा असं, की शेजारची बाई साखर घेऊन यावी. तिचे वडील मला म्हणाले, "माह्या कानात माग चालूच राह्यतो, पोरी. मिल सुटते, पन कानातून नाई सुटत." मला ते फार मौजेचं वाटलं. मी त्यांच्या कानाला माझा कान लावून पाहिला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि काकीनं मला दंडाला धरून बाजूला केलं.

मग तो दिवस आला. संक्रांत जवळ आली होती, शेडमध्ये डब्यांची रांग लागली होती. मी ज्वारीच्या पोत्यावर बसून नेहमीसारखी काकीच्या तोंडाकडे पाहत होते. समोर गल्लीतली शांताबाई गव्हाचा डबा कमरेवर घेऊन उभी. आबाजी बाकावर. काकीचा हात पिप्यावर ठेका धरत होता, ओठ मोठे उघडले होते, आणि लाईन गेली.

मोटर गपकन बंद पडली. दगड दोन वेढे कुरकुरला आणि थांबला. आणि काकीचा आवाज एकटा उरला.

"नदीच्या पल्याड दिवा कोन लावते..."

तो आवाज हळू नव्हता हो! चक्कीच्या वर चढून गायची तिला सवय, त्यामुळे तो पुऱ्या ताकदीचा, भरीव, मोकळा आवाज पत्र्याखालून निघाला तो थेट रस्त्यावर. जाणारी बैलबंडी थांबली. ओळ वर गेली, तिथं टांगल्यासारखी राहिली, आणि मग काकीला कळलं. तिनं तोंड मिटलं. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधीच ऐकली नव्हती. कापडी बाहीतून उरलंसुरलं पीठ गळत होतं, त्याचाही आवाज येत होता.

"माय वं, आवाज पाहा!" शांताबाई म्हणाली आणि तिनंच आपल्या तोंडावर हात ठेवला.

आबाजींनी आत पाहिलं नाही. ते मान वर करून खांबावरच्या तारेकडे पाहत राहिले. "लाईन गेली," ते म्हणाले. बस, एवढंच. मग उठून घरात गेले.

मी पोत्यावरून उडी मारली. "काकी, पुढं? कोन लावते दिवा?"

"चूप बस वं!" काकी म्हणाली. ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचे ओठ मिटले. काम तेच, डबे तेच, पण पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि पिप्यावरचा हात स्वस्थ. घरात कुणी एका शब्दानं विषय काढला नाही. त्याचीच मला भीती वाटू लागली. काकीच्या हातून कधी न झालेल्या चुका व्हायला लागल्या. शांताबाईचे गहू जाडे निघाले. कुणाच्या तांदळात कुणाची ज्वारी मिसळली. बारीकची खूण केली तरी ती माणसाकडे नुसतीच पाहत राहायची. मी आईला विचारलं, "काकी काऊन गाऊन नाई राह्यली?" आईनं भाकरी थापता थापता मान वर न करता म्हटलं, "गात कधी होती?" तिचा चेहरा असा होता, की आयुष्यात प्रथमच मी पुढचा काऊन गिळला.

मला तेव्हा कळलं की ते गाणं गेलं तर काकी अर्धी जाणार. आणि माझी ती ओळ अर्धीच राहणार. दोन्हींचं मला सारखंच वाईट वाटत होतं. लहान मुलं अशीच असतात.

उन्हं तापू लागली तेव्हा एके सकाळी दारात बैलबंडी आली. तिच्यावर आमच्या वावरातल्या विहिरीवरचं जुनं तेल-इंजन. विहिरीवर मोटर बसल्यापासून ते कडब्याच्या गंजीमागे पडून होतं. आबाजींनी ते स्वतः घासलेटानं धुतलं, वंगण घातलं, शेडच्या मागच्या अंगाला ओटा बांधून बसवलं आणि चक्कीचा पट्टा मोटरीवरून काढून इंजनावर चढवला. साऱ्या गावाला चेष्टेला विषय मिळाला.

"आबाजी, लोकं इंजन काढून मोटर बसवतात. तुमचं उलटंच!"

"लाईनीचा भरोसा नाई," आबाजी म्हणायचे. ज्यानं विचारलं त्याला हेच.

मी सोडते की काय! ते तेलाची बुधली घेऊन बसले होते. मी समोर उकिडवी बसले. "आबाजी, इंजन काऊन आनलं?"

"लाईनीचा भरोसा नाई."

"पन काऊन?"

त्यांनी बुधलीचं टोक पुसलं. मग म्हणाले, "लाईन न सांगता जाते. इंजन कसं, सांगून बंद होते."

खरंच तसं होतं. इंजनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा उपडा टांगला होता, त्यातून पुक पुक पुक असा आवाज पार नदीच्या पुलापर्यंत जायचा. दिवसभर शेडमध्ये डिझेलचा वास पिठाच्या वासात मिसळू लागला. इंजनाच्या हौदातल्या कोमट पाण्यानं आम्ही पाय धुवायचो. आणि ते बंद करण्याचा एक विधीच होता. इंजनाला आबाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी ते आधी मोठ्यानं खाकरायचे. मग शेडला बाहेरून वळसा घालून, चपला वाजवत, मागे जायचे. मग खटका दाबायचे. पुक पुकमधलं अंतर वाढायचं. पुक... पुक. मग आणखी मोठा खंड. पुक. आता संपलं असं वाटावं आणि आणखी एक यावा. तो शेवटचा यायच्या आधीच काकी पदर झटकायला लागलेली असायची.

किती दिवसांनी ते आठवत नाही. पापडांचे दिवस होते, अंगणभर उडदाचा वास होता. मी उडीद दळायला घेऊन गेले आणि पाहते तर काकीचे ओठ हलताहेत! माझ्या हातातला डबा पडायचाच बाकी राहिला. मी धावत तिच्यापाशी गेले. तिनं मला पाहिलं. ओठ न थांबवता तिनं एक बोट हवेत गोल फिरवलं आणि तळवा पुढे धरला. चक्की चालू आहे, थांब.

मी थांबले. चांगली कितीतरी वर्षं थांबले.

ती अर्धी ओळ माझ्या मागेच लागली. कुठलंही गाणं कानावर पडलं की मी त्यात दुसरी ओळ शोधायची. लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यातून, चहाच्या टपरीवरच्या रेडिओतून, गुरुवारच्या भजनातून. पुलगावला परत गेले तेव्हा काकीच्या वडिलांना विचारलं, नदीच्या पल्याड दिवा कोण लावतं? ते ओरडून म्हणाले, "कोनता शिवा?" संध्याकाळी मी एकटीच काठावर जाऊन उभी राहिले. वर्धा नदीच्या पलीकडे, अंधुक, एक दिवा खरंच होता. कुणाच्या तरी वावरातल्या झोपडीतला असेल. मी तो बराच वेळ पाहत राहिले. तो कुणी लावला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

पुढे वर्ध्याला शिकायला गेले तेव्हा पेटी शिकायला लागले, ती या ओळीपायीच. बोटांना ती सापडली, पण सापडून उपयोग काय? ती वर जाऊन थांबायची, आणि कानाला कळायचं की हिला खाली यायचं आहे, वाट मात्र सापडायची नाही. मी स्वतः शेवट रचून पाहिले. सगळे खोटे वाटले. एकदा सरांसमोर गाऊन दाखवली. ते मान डोलवत म्हणाले, "छान. पुढं?"

"पुढं लाईन गेली, सर," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

पुढे शाळेत नोकरी लागली, आणि घरच्यांनी हुरळून जाऊन मला टेपरेकॉर्डर घेऊन दिला. मी तो समुद्रपूरला नेला. माझी युक्ती मला फार हुशारीची वाटत होती. डब्यांच्या मागे टेप लपवायचा, काकीच्या अगदी जवळ, आणि बटण दाबून द्यायचं. कान जे ऐकू शकत नाही ते यंत्र ऐकेल! संध्याकाळी इंजन थांबल्यावर मी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि कॅसेट लावली. पुक पुक पुक पुक. मधे डबा आपटल्याचा आवाज. शांताबाईची हाक. परत पुक पुक पुक. सगळे पोट धरून हसले. काकी तर पदर तोंडात कोंबून. आबाजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, टेपच्या जाळीला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत बसले. "इंजन बरं वाजून राह्यलं," ते म्हणाले. बाजू संपली, खटका पडला. मी टेप उचलायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"उलटी बाजू लाव."

त्यांना त्यात काय ऐकू येत होतं? मी आजवर विचार करते आहे. ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे.

आबाजी गेल्यावर इंजन बंद झालं. काकांनी परत मोटर बसवली. पुढे गावात नव्या चक्क्या आल्या, दळणं कमी झाली. काकी मात्र वर्षानुवर्षं बसतच राहिली. तिचे ओठ हलत होते की नाही, ते पाहायला मी तिथे नव्हते. सुट्टीत यायची तेव्हा एवढंच लक्षात यायचं की काकीला दोनदा सांगावं लागतं, मग तीनदा, आणि मग आम्ही सगळे, आपल्याही नकळत, चक्कीच्या जुन्या खुणांवर आलो. जेवलीस का, तर मूठ तोंडाशी.

परवा दोन माणसं कुदळी-पहारी घेऊन आली होती. त्यांनी पट्टा काढला, नरसाळं काढलं, वरचा दगड कलता करून बाजूला घेतला. काकी तिच्या जागेवर, जुन्या स्टुलावर बसून पाहत होती. भुवया पांढऱ्या. आता त्या धुऊन जाणाऱ्या नव्हत्या. मी तिच्यासमोर ज्वारीच्या रिकाम्या पोत्यावर बसले. प्रमोद मशीनची डबी माझ्या हातात देऊन चहाचं बघायला घरात गेला.

मी डबी उघडून तिच्यापुढे धरली आणि हातानंच विचारलं, काऊन?

"लावलं होतं ना," काकी म्हणाली. तिचा आवाज आता तिच्या वडिलांसारखा झाला होता, अख्ख्या गल्लीसाठी. "लावलं अन् एकदम चक्की बंद झाली. त्या दिवशी लाईन गेलती ना, तशी. गानं अर्धं राह्यलं. मंग काढून ठेवलं."

मला आधी कळेना. मग तिनं एक बोट कानापाशी नेलं आणि गोल गोल फिरवलं. समोर चक्कीचे तुकडे पडले होते, आणि तिच्या कानात ती चालू होती. तिच्या वडिलांच्या कानात माग चालायचा, तशी. रात्रंदिवस. प्रमोदला हे माहीत असेल, डॉक्टरलाही असेल, त्याला ते दुखणं म्हणत असतील. काकी त्याच्या आड बसून गात होती.

 पण ती चक्की तिच्या एकटीच्याच कानात होती, त्या आवाजाआड आता काहीच लपत नव्हतं. मी तिच्या ओठांकडे बोट केलं, मग माझ्या कानाकडे, मग घराकडे, रस्त्याकडे. ऐकू येतं काकी, सगळ्यांना.

"मालूम हाये मले," काकी म्हणाली. "ऐका ना मंग!"

आणि हसली. "तुले पुढचं पाह्यजे होतं ना? येवढीशी होती तवापासून माह्या तोंडाकडे टकमक पाह्यत बसे. मी म्हनो, हे पोरगी एखांद दिवशी माह्या तोंडात शिरते."

तिला माहीत होतं!  मी बोटं गालांवरून कपाळाशी, टोपीचा काठ असतो तिथं नेली. आबाजींची ही आमची खूण. मग कानाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. आबाजींना ऐकू येत होतं का?

काकीनं इंजनाच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. "त्याईनं कधी काई म्हटलं नाई. मी बी कधी काई म्हटलं नाई. पन खाकरल्याबिगर खटका नाई दाबला कधी."

मग तिनं शेजारचा पिठाचा पिपा जवळ ओढला. त्यावर हात ठेवला. ठेका सुरू झाला आणि तिनं तोंड उघडलं. आवाज चिरका झाला होता, वर जाताना थरथरत होता, पण हळू नव्हता. दगड ओढणारी माणसं थांबली.

"नदीच्या पल्याड दिवा कोन लावते..."

ओळ वर गेली आणि माझ्या ओळखीच्या त्या जागी थांबली. माझा श्वास तिच्याबरोबर थांबला. मग ती अगदी सहज, पायरी उतरावी तशी खाली आली.

"मीच लावते बाई, मीच पाह्यते."

एवढं सोपं होतं ते. मी पेटीवर रचलेल्या साऱ्या शेवटांपेक्षा सोपं. मी पोत्यावर बसून लहान पोरीसारखी रडले, आणि काकी माझ्याकडे न पाहता पुढच्या कडव्याला लागली. म्हणजे पुढे कडवीही होती! मी ती कधी विचारलीच नव्हती.

तेवढ्यात मागच्या दारातून प्रमोद चहाचे कप घेऊन आला. मला रडताना पाहून गोंधळला. त्यानं माझ्या मांडीवरच्या उघड्या डबीकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, का म्हनते? लावते का मशीन?"

मी डबीचं झाकण लावलं.  एक बोट हवेत गोल फिरवलं आणि तळवा त्याच्यापुढे धरला. चक्की चालू आहे, थांब.